विझत्या उजेडाचा पाठलाग

चैत्र-वैशाखातल्या रात्री चित्रेचा तारा मुलुंड-बोरिवलीच्या उजेडानं धुरकटलेल्या आभाळातही नजरेत भरतो. त्याच्या दक्षिणेला साधारण बारा अंशांवर वासुकी तारकासमूहाचा शेपटाकडचा भाग येतो. साध्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतून मात्र एनजीसी ४९९३ नावाची एक दीर्घिका दिसते, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची. हजारो दीर्घिकांमधली ही एक. २०१७ पर्यंत तिच्याकडे कुणी मुद्दाम वळून पाहावं असं तिच्यात फारसं काही नव्हतं. त्यानंतर मात्र जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या दुर्बिणीनं तिच्यावर वेळ खर्च केला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्या टकरीची विझत जाणारी आभा मोजण्यासाठी अनेक संशोधकांनी वर्षंच्या वर्षं दिली. या कामाचा एक भाग महाराष्ट्रातून झाला: पवईच्या आयआयटीतून, जुन्नर तालुक्यातल्या खोडदहून, पुण्याच्या संस्थांमधून. स्फोटाची बातमी सगळ्यांनी वाचली. त्यानंतरच्या मंद उजेडानं काय सांगितलं, ही गोष्ट मात्र बातमीपेक्षा मोठी आहे आणि मराठीत ती फारशी सांगितली गेलेली नाही.

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं. अमेरिकेतले दोन लायगो शोधक आणि इटलीतला व्हर्गो यांच्यावरून गुरुत्वीय लहरींचा एक लांबलचक संदेश गेला. कृष्णविवरांच्या टकरींचे तोवरचे संदेश फार तर एक-दोन सेकंदांत संपत. हा जवळपास शंभर सेकंद चालला. त्यावरून दोन्ही ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या पावणेतीन पट निघालं. लहरी संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहानं गॅमा किरणांची एक छोटीशी चमक टिपली. पुढच्या काही तासांत दिशा ठरवणारा नकाशा आला. आकाशाचा सुमारे ३० चौरस अंशांचा, म्हणजे दीडशे पूर्णचंद्र मावतील एवढा तुकडा. चिलीतल्या लास कम्पानास इथल्या स्वोप दुर्बिणीनं त्या तुकड्यातल्या दीर्घिका एकेक करून पाहायला सुरुवात केली आणि टकरीनंतर अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ च्या कडेला एक नवा ठिपका सापडला. तेव्हा मुंबईत पहाटेचे पाच वाजले होते.

योगायोग किती, तर व्हर्गो १ ऑगस्टलाच या निरीक्षणांत सामील झाला होता आणि २५ ऑगस्टला सगळेच शोधक सुधारणांसाठी बंद होणार होते. या खिडकीतून ही टक्कर दिसली.

तो ठिपका म्हणजे किलोनोव्हा. टकरीत बाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यात न्यूट्रॉनांचा सुकाळ असतो, त्यात जड मूलद्रव्यं झपाट्यानं घडतात आणि त्यांच्या किरणोत्सर्गानं मलबा तापून चमकतो. पहिल्या दिवशी निळसर, आठवड्यात तांबूस आणि मग अवरक्तात विरून गेलेला. या मलब्यात स्ट्रॉन्शियमची खूण पुढे २०१९ मध्ये ओळखली गेली. शोधाची घोषणा १६ ऑक्टोबर २०१७ ला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी झाली. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती, त्यामुळे सोनं अशाच टकरींत घडतं हा मथळा आपल्याकडे चांगलाच गाजला. पण किलोनोव्हाची आभा किरणोत्सर्गाची असते आणि ती थोड्याच काळात सरते. या लेखाचा विषय दुसरी आभा आहे, जिला खगोलशास्त्रज्ञ आफ्टरग्लो म्हणतात. टकरीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं निघालेला द्रव्याचा झोत आसपासच्या विरळ वायूवर आदळतो, त्या आघातात इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा मिळते आणि चुंबकीय क्षेत्रात भिरभिरताना ते क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सर्व पट्ट्यांत उत्सर्जन करतात. झोत किती जोरकस होता, कुठल्या दिशेनं गेला, भोवती किती वायू होता, ही सगळी माहिती या आभेत साठवलेली असते. ती काढायची तर आभा उगवण्यापासून विझेपर्यंत मोजत राहावं लागतं.

भारताची पहिली नोंद काहीच न दिसल्याची होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर गॅमा किरण स्फोट पकडू शकणारं सीझेडटीआय हे उपकरण आहे. टकरीच्या क्षणी उपग्रह आणि एनजीसी ४९९३ यांच्या मध्ये पृथ्वी आली होती. आयआयटी बॉम्बेचे वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही न दिसण्याची नोंदही नीट वापरली: स्फोट पृथ्वीनं झाकलेल्या भागातच झाला असणार, म्हणजे शोधाची कक्षा तेवढी आक्रसते. मूळच्या इंदूरच्या आणि आता कॅलटेकमध्ये असलेल्या मानसी कासलीवाल यांच्या पुढाकारानं ‘ग्रोथ’ या आंतरराष्ट्रीय गटाचा जो मोठा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला, त्यात ही नोंद आहे. अशा नकारात्मक निरीक्षणांना कुणी टाळ्या देत नाही, पण या क्षेत्राचा निम्मा कणा त्यांचाच आहे.

मग सूर्य आडवा आला. ऑगस्टमध्ये चित्रा आणि तिच्या आसपासचा भाग सूर्यास्तानंतर लवकरच मावळतो, आणि महिना सरता सरता ही दीर्घिका सूर्याच्या इतकी जवळ दिसू लागली की चंद्रा आणि हबल या अवकाश दुर्बिणींना तिच्याकडे पाहताच येईना. चंद्रानं २६ ऑगस्टला, टकरीनंतर नवव्या दिवशी, क्ष-किरण टिपले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर मात्र थेट डिसेंबरची वाट पाहणं भाग होतं. या तीन महिन्यांत आभेवर नजर ठेवू शकत होत्या त्या फक्त रेडिओ दुर्बिणी. त्यांना दिवसाउजेडाचं वावडं नाही, ढगांचंही नाही. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीला टकरीनंतर सोळाव्या दिवशी पहिला रेडिओ संकेत मिळाला. खोडदची जीएमआरटी सातव्या दिवसापासूनच त्या दिशेला कान लावून होती.

जीएमआरटीबद्दल इथे जरा थांबायला हवं. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही उभी केली गोविंद स्वरूप आणि त्यांच्या चमूनं. पण त्यांची भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण मुंबईच्या दारातच होती. ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ छोट्या डिश त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला मांडल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. घाटकोपर-मुलुंडवरून जाणाऱ्या लोकलनं रोज लाखो लोक कल्याणला उतरतात, आणि भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा पाया याच गावात घातला गेला याची आठवण करून देणारं तिथे ठळक असं काही नाही. हे खरंच सलतं. बावन्न वर्षांनी त्याच ६१० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, स्वरूपांच्याच दुसऱ्या दुर्बिणीनं, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आभेचा शोध घेतला.

काम सोपं नव्हतं. एनजीसी ४९९३ च्या गाभ्यात स्वतःचाच एक मंद रेडिओ स्रोत आहे आणि टकरीची जागा त्यापासून जेमतेम दहा विकला दूर. कमी कंप्रतेला प्रतिमा जाडसर येते, त्यामुळे दोन्ही उजेड एकमेकांत मिसळण्याचा धोका कायम. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेतल्या रेस्मी लक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १५२ दिवसांपर्यंतच्या जीएमआरटीच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. सुरुवातीचे आठवडे कोरे गेले. सुमारे साठाव्या दिवशी, म्हणजे जगभर शोधाची घोषणा होत होती त्याच सुमारास, या कमी कंप्रतेच्या पट्ट्यांत आभा वर येऊ लागली. १३९० मेगाहर्ट्झला ती नंतर पाचव्या महिन्यापर्यंत फारशी बदललीच नाही.

आता खरा पेच. नेहमीच्या गॅमा किरण स्फोटाची आभा पहिल्या दिवसापासून उतरत जाते. ही मात्र वाढत होती, आठवड्यामागून आठवडे. असं का, याची दोन उत्तरं मांडली गेली आणि दोन्ही पक्षांत तरबेज माणसं होती. एक पक्ष म्हणत होता की झोत मलब्यातून बाहेर पडलाच नाही. त्याची सगळी ऊर्जा भोवतालच्या द्रव्यात विरली आणि एक रुंद, तुलनेनं संथ कोष तयार झाला. दुसऱ्याचं म्हणणं, झोत बाहेर पडला, पण आपल्या दिशेनं नाही. वेगवान झोताचा प्रकाश पुढच्या अरुंद शंकूतच कोंडलेला असतो. झोत मंदावत जातो तसा शंकू रुंदावतो आणि कडेला उभ्या असलेल्या आपल्यापर्यंत उजेड उशिरा पोचतो.

कोषाची बाजू सुरुवातीला भक्कम होती. कुणाल मूले यांच्या नेतृत्वाखालचा, व्हीएलए आणि जीएमआरटी यांच्या नोंदींवर बेतलेला शोधनिबंध डिसेंबर २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, वाढत्या रेडिओ आभेवरून रुंद कोषाचा निष्कर्ष त्यात होता. सुमारे १५५ दिवसांनी आभेचा कळस झाला आणि मग ती इतक्या झपाट्यानं उतरू लागली की कोषाचं गणित बसेना. नुसत्या तेजाच्या आलेखावर हा वाद कदाचित वर्षानुवर्षं चालला असता. तो मिटला मोजमापानं, आणि ते मोजमाप मूले यांच्याच गटाचं होतं. एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून त्यांनी ७५ व्या आणि २३० व्या दिवशी त्या ठिपक्याची जागा मोजली. ठिपका सरकला होता, २.७ सहस्रांश विकला. मुंबईतून पाहताना नागपूरला ठेवलेली वस्तू जेमतेम एक सेंटिमीटर सरकली तर जेवढी हललेली दिसेल, तेवढं हे सरकणं. पण १३ कोटी प्रकाशवर्षांवर त्याचा अर्थ होतो प्रकाशाच्या चौपट भासमान वेग. हा वेग खरा नसतो; जवळजवळ आपल्याच दिशेनं येणाऱ्या अतिवेगवान वस्तू स्वतःच्याच प्रकाशाच्या मागे लागल्यामुळे तसा भास होतो. पण असा भास होण्यासाठी मुळात अरुंद आणि जोरकस झोत लागतो. संथ कोषाला हे जमत नाही. २०७ व्या दिवशी जगभरच्या तीसहून अधिक रेडिओ दुर्बिणी जोडून घेतलेल्या स्वतंत्र निरीक्षणातही स्रोत तसाच आटोपशीर दिसला.

आपल्याच निष्कर्षाला छेद देणारं मोजमाप आपणच करावं, तेही वर्षभराच्या आत, आणि ते त्याच नियतकालिकात छापावं, हे विज्ञानाच्या व्यवहारात जेवढं सांगितलं जातं तेवढं सर्रास घडत नाही. म्हणून या दोन शोधनिबंधांची जोडी विद्यार्थ्यांनी एकापाठोपाठ एक वाचायला हवी. २०२२ मध्ये मूले आणि सहकाऱ्यांनी हबलच्या छायाचित्रांतली किलोनोव्हाची सुरुवातीची जागा आणि रेडिओ दुर्बिणींनी मोजलेली नंतरच्या आभेची जागा ताडून पाहिली. भासमान वेग प्रकाशाच्या सातपट निघाला आणि झोताकडे पाहण्याचा आपला कोन १९ ते २५ अंशांच्या मध्ये आवळला गेला.

झोताच्या कोनाचा उपयोग, २०२२ च्या आधीच, भलत्याच ठिकाणी झाला होता. गुरुत्वीय लहरींवरून अंतर काढता येतं, पण ताऱ्यांची कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे माहीत नसेल तर ते अंतर ढिसाळ राहतं. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा हबल स्थिरांक या घटनेवरून आधी ७० निघाला होता, पण खालीवर जवळजवळ पंधरा टक्क्यांच्या शंकेसह. झोताचा कोन घातल्यावर ती शंका सात टक्क्यांवर आली. हबल स्थिरांकाची दोन प्रस्थापित मोजमापं, एक ६७ च्या आसपास आणि दुसरं ७३ च्या, आपापसांत जुळत नाहीत, हा आजच्या विश्वरचनाशास्त्रातला मोठा वाद. एका घटनेनं तो मिटणार नाही. पण एका विझत्या ठिपक्यानं शंका निम्मी करून दाखवली, हे या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत ठोस फळ आहे असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

सगळी निरीक्षणं एका मापात आणून २०२१ मध्ये माखाथिनी आणि सहकाऱ्यांनी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळाचा एकत्रित आलेख मांडला, त्यात जीएमआरटीच्या नोंदीही आहेत. कंप्रता रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंत सुमारे अब्जपटीनं वाढते, तरी तेज एकाच सरळ नियमानं घटत जातं. इतका साधा नियम इतक्या विस्तृत पट्ट्यात टिकावा, हे इलेक्ट्रॉनांना आघातात ऊर्जा कशी मिळते याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी वरदानच ठरलं.

फसव्या उजेडाचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पवईशी जोडलेली आहे. जानेवारी २०१७ मध्ये लायगोनं कृष्णविवरांची एक टक्कर नोंदवली आणि त्या दिशेला अॅटलस दुर्बिणीला एक झपाट्यानं विझणारा ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश निघाला असता, तर ती खळबळ झाली असती. भालेराव आणि सहकाऱ्यांनी अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी चाळल्या, तेव्हा टकरीनंतर एका दिवसाच्या आत झालेला एक वेगळाच गॅमा किरण स्फोट त्यात सापडला. ठिपका त्या स्फोटाची आभा होती; टकरीशी त्याचा संबंध नव्हता. आकाशात रोज इतकं काही उजळत-विझत असतं, की खरा उजेड शोधण्यापेक्षा खोटे बाजूला काढण्यातच जास्त कष्ट पडतात.

त्यासाठी स्वतःच्या हाताशी असलेली दुर्बीण लागते. चिलीत उजाडल्यापासून युरोपात अंधार पडेपर्यंतच्या काळात भारताचा रेखांश मोक्याचा आहे. हे ओळखून आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी लडाखमधल्या हान्ले इथे ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण उभी केली. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या या दुर्बिणीनं २०१८ मध्ये पहिला प्रकाश पाहिला. ती स्वयंचलित आहे, आणि नवा संदेश आला की हातातलं काम सोडून त्या दिशेला वळू शकते. पवईतल्या मुलामुलींनी पीएच.डी. करता करता ती चालवली आणि तिच्या सॉफ्टवेअरवर हात साफ केला. मोठ्या आरशापेक्षा हे शिक्षण जास्त मोलाचं आहे.

मात्र २०१७ सारखी घटना पुन्हा आलेली नाही. २५ एप्रिल २०१९ ला दुसरी न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, पण एकच लायगो शोधक चालू असल्यानं दिशेचा तुकडा आठ हजार चौरस अंशांहून मोठा होता आणि अंतरही चौपट. उजेड सापडला नाही. मधल्या काळात गॅमा किरण स्फोटांनी मात्र आश्चर्य दिलं: ११ डिसेंबर २०२१ च्या एका लांब स्फोटामागे किलोनोव्हा निघाला, आणि त्या तपासात नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीच्या नोंदीही होत्या. लांब स्फोट म्हणजे मोठ्या ताऱ्याचा अंत, ही पाठ्यपुस्तकी विभागणी त्यानं मोडली. ऑगस्ट २०२५ मधल्या एका दुबळ्या संदेशाच्या दिशेला सापडलेला ठिपका पहिले काही दिवस किलोनोव्हासारखा तांबूस होत गेला आणि मग अतिनवताऱ्यासारखा पुन्हा उजळला. कासलीवाल यांच्या गटानं त्यावर एक धाडसी कल्पना मांडली आहे, पण दोन्हींचा संबंध सिद्ध झालेला नाही. लायगोची चौथी निरीक्षण मोहीम नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, तोवर निर्विवाद अशी दुसरी उजळ टक्कर हाती लागली नव्हती. एका घटनेवर उभं राहिलेलं हे शास्त्र आहे, आणि त्यातले सरसकट निष्कर्ष वाचताना हे विसरता कामा नये.

पुढची भिस्त दोन गोष्टींवर आहे, दोन्ही महाराष्ट्राशी निगडित. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. तत्त्वतः मंजुरी २०१६ मध्ये मिळाली, २,६०० कोटींचा संपूर्ण प्रकल्प मंजूर व्हायला एप्रिल २०२३ उजाडलं. लहरींचा संदेश गोंगाटातून वेचण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी पायाभूत काम केलं, त्यालाही आता तीन दशकं उलटली. इतर शोधकांपासून दूर असलेला हा शोधक दिशेचा तुकडा कितीतरी लहान करील, आणि लहान तुकडा म्हणजे मंद, लवकर विझणाऱ्या आभेपर्यंत वेळेत पोचण्याची संधी. सात वर्षांचा तो विलंब म्हणूनच बोचतो. दुसरी गोष्ट ‘दक्ष’ मोहीम. आयआयटी बॉम्बेच्या पुढाकारानं आखलेल्या या प्रस्तावात दोन उपग्रह पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना फिरतील, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा पाहत असेल.

आणि एनजीसी ४९९३? तिथलं प्रकरण बंद झालेलं नाही. साडेतीन वर्षांनी चंद्रा दुर्बिणीला झोताच्या उतरत्या आलेखापेक्षा जास्त क्ष-किरण दिसले, असं अपराजिता हजेला आणि सहकाऱ्यांनी मांडलं. टकरीतून उरलेल्या वस्तूवर मलबा परत कोसळत असेल, किंवा किलोनोव्हाचा संथ मलबा आता आसपासच्या वायूवर आदळू लागला असेल, अशी दोन स्पष्टीकरणं त्यांनी दिली. एलिओनोरा ट्रोया यांच्या गटाला तोच फरक एवढा ठाम वाटला नाही. हाती आलेले क्ष-किरण मोजकेच, आणि त्यांचं विश्लेषण कसं करावं यावर उत्तर बदलतं. अरविंद बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी साडेचार वर्षांपर्यंत रेडिओत शोधलं. नवी वाढ आढळली नाही. टकरीनंतर लगेच कृष्णविवर झालं की काही काळ एखादा जडच्या जड न्यूट्रॉन तारा तग धरून होता, या प्रश्नाचं उत्तर या उरल्यासुरल्या उजेडात असू शकतं. संथ मलब्याची आभा उगवायची झाली तर ती काही वर्षांत किंवा काही दशकांतही उगवू शकते, आणि ती रेडिओत, विशेषतः कमी कंप्रतेला, जास्त ठळक असेल असा अंदाज आहे. त्या पट्ट्यात इतक्या बारकाईनं पाहू शकणाऱ्या दुर्बिणी जगात मोजक्या आहेत, आणि २०१९ पर्यंत अद्ययावत झालेली खोडदची जीएमआरटी त्यांपैकी एक आहे.